शेजारचा ब्रेक

बाईंनी गाडीचं दार असं आपटलं, की छतावरची ‘शिकाऊ चालक’ अशी लाल अक्षरांची पाटी एका अंगाला कलली. मास्तरांनी ती हाताने सरळ केली आणि काय झालं ते विचारायचं टाळलं. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. परीक्षेच्या मैदानावर थांबायची पांढरी रेघ होती आणि गाडीची पुढची चाकं ती ओलांडून चांगली हातभर पुढे गेली होती. परीक्षक कागदावर काहीतरी खरडून पुढच्या गाडीकडे निघूनही गेला होता.

“दुसऱ्यांदा,” बाई म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी. काल याच रेघेवर तुम्ही गाडी किती अलगद उभी केलीत! पोटातलं पाणी हललं नाही. आज काय धाड भरली?”

“मला काय विचारता? शिकवता तुम्ही.”

“शिकवतो, पण परीक्षेला मी शेजारी बसू शकत नाही ना! तुम्ही परीक्षेला घाबरता, बाई. दुसरं काही नाही.”

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. “ते असू दे. शाळा सुटल्यावर मला भेटा. तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण मनातल्या मनात. गाडी चालवायला शिकवतात म्हणून सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणे, आणि आपण खरोखरीचे मास्तर आहोत अशी त्यांचीही समजूत होती. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. इतक्या वर्षांत त्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, आणि हे ते कुणी विचारो न विचारो, सांगत. त्यांचे शिकाऊ परीक्षेत मात्र दणादण आपटत. लोकांना परीक्षेची धास्ती असते, असं त्याचं कारण त्यांनी स्वतःला केव्हाच पटवून दिलं होतं.

पण या बाईंचं प्रकरण वेगळं होतं. त्या त्यांच्या लेकीच्या वर्गशिक्षिका होत्या. गाडीत मास्तरांनी बाईंना झापायचं आणि शाळेत बाईंनी मास्तरांना, अशी ही विचित्र देवघेव गेले काही आठवडे चालली होती. दोघांपैकी कुणालाच ती सोयीची नव्हती.

सगळ्याचं मूळ त्या शाळेत होतं. दोन गल्ल्या सोडून असलेली छोटी शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद झाली आणि तिथली मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत ढकलली. तेव्हापासून घराची घडीच विस्कटली होती. गणवेश नवा, वेळ नवी, दर तासाला शिक्षक नवा. सकाळी लेकीला उठवता उठवता मास्तरांच्या नाकी नऊ येत. त्यातच बायकोला इस्पितळाच्या टेलिफोनवर संध्याकाळची पाळी लागली, म्हणजे रात्रीचा स्वयंपाक, भांडी आणि लेकीचा अभ्यास असं सगळं मास्तरांच्या गळ्यात आलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांनी डोकं भणभणलेलं, आणि घरी आलं की पुन्हा हे!

शिक्षकांच्या खोलीत एकच मोठी खुर्ची होती आणि तिच्यावर बाई बसल्या. मास्तरांना सहावीतल्या बाकावर बसावं लागलं. गुडघे छातीपर्यंत आले.

“दर शुक्रवारी मी वर्गात चाचणी घेते,” बाई म्हणाल्या. “तुमची ठकी एकदाही पास झालेली नाही. कोरा कागद देते असं नाही. गणित सुरू करते, मध्येच थांबते आणि खिडकीकडे बघत बसते. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.”

“घरी तिला सगळं येतं, बाई. मी माझ्या कानांनी ऐकतो.”

“माझ्या वर्गात येत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघते.”

“मग परीक्षेला घाबरत असेल.”

बाईंनी नुसती एक भुवई वर केली. सकाळचं औषध आता आपल्यावरच आलं, हे मास्तरांना कळलं, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “पाचवीला पहिली आली होती ती!”

“म्हणून तर मला कोडं पडलंय. तिकडे परीक्षा कशी घ्यायचे?”

“घरून गणितं सोडवून न्यायची. त्यावरच गुण.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघा, तिकडून आलेल्या मुलांसाठी वरून ठरलंय. सत्राच्या शेवटी गणित सुटलं नाही, तर पुन्हा पाचवीत बसवायचं. मला ते पटत नाही. पण ते बदलणं माझ्या हातात नाही, आणि सत्र संपायला आता फार दिवस नाहीत.”

मास्तर बाकातून उठायला गेले तर गुडघा अडकला. एकूण तो दिवसच तसा होता.

परत जाताना ठकी मागच्या सीटवर इतकी खाली घसरून बसली होती, की बाहेरून गाडी रिकामीच वाटावी. छतावर ती पाटी असलेल्या गाडीतून शाळेत यायची तिला लाज वाटायची, आणि शाळेच्या फाटकाशी मास्तर रोज हॉर्न वाजवून तिचा निरोप घ्यायचे.

“बाबा, मला पाचवीत बसव ना.”

“वेड लागलंय का तुला?”

“खरंच बसव. जुन्या शाळेत मी हुशार होते. इथे आले आणि ढ झाले.”

“असं कुणी एका सुटीत ढ होत नाही!” मास्तर ओरडले. ओरडल्यावर त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला म्हणून त्यांनी पुढच्या सायकलवाल्यावर हॉर्न वाजवला.

घरी बायको निघायच्या तयारीत होती. तिने चप्पल घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

“तिच्यावर डाफरू नका. आणि भांडी पडलीत.”

“मी कधी डाफरतो?”

“आता काय करताय?” असं म्हणून ती गेली.

मास्तरांनी बाह्या वर केल्या आणि मोरीशी उभे राहिले. ठकी मागे टेबलावर वही उघडून बसली. अगदी लहानपणापासूनची तिची सवय म्हणजे गणित मोठ्याने बोलत सोडवायचं. टाक्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या, दुकानदार कापडाचे तुकडे करत होते. मध्ये कुठे अडखळली तर “नाही नाही, थांब,” असं स्वतःलाच म्हणायची, खोडायची आणि पुढे जायची. मास्तर कढई घासत ऐकत होते. एक गणित चुकलं नाही. या मुलीला पाचवीत बसवायला निघालेत! त्यांनी कढई इतकी घासली की तिचा काळा रंग उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिकवणीला आल्या त्या सरळ स्टिअरिंगमागे बसल्या नाहीत. त्यांनी शेजारचं दार उघडून आधी खाली वाकून पाहिलं.

“काय हरवलं?”

“काही नाही. बसा तुम्ही.”

गाडी निघाली. बाजाराच्या वळणावरून, पुलाखालून, मोठ्या चौकापर्यंत बाईंनी ती छान नेली. सिग्नल लाल झाला आणि गाडी रेघेच्या अलीकडे अलगद उभी राहिली.

“बघा!” मास्तर म्हणाले. “हेच परीक्षेत केलं असतंत तर?”

“हेच केलं होतं,” बाई म्हणाल्या. “इतक्याच ताकदीने, इतक्याच अंतरावर ब्रेक दाबला होता. रात्रभर मी त्याचाच विचार करत होते. मास्तर, खाली बघा.”

“कुठे?”

“तुमच्या पायाकडे.”

मास्तरांनी पाहिलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता, ब्रेक निम्मा खाली गेला होता. त्यांनी पाय झटकन मागे घेतला, तशी गाडी चार बोटं पुढे सरकली.

“हे आत्ताच,” ते म्हणाले. “मी गरज असल्याशिवाय पाय लावतच नाही.”

“प्रत्येक वळणावर लावता. मघापासून बघतेय मी. मला वाटायचं गाडी मी थांबवते.”

“अहो, मला कळणार नाही का?”

“तेच तर. तुम्हालाही कळत नाही.” मागून हॉर्न वाजायला लागले होते, पण बाई हलल्या नाहीत. “पाय वर घ्या.”

“म्हणजे?”

“सीटवर मांडी घालून बसा. त्याशिवाय मी गाडी पुढे नेणार नाही.”

भर चौकात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, मास्तर चपला काढून सीटवर मांडी घालून बसले. रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीने काचेतून त्यांच्याकडे पाहून हात जोडले. पुढचा प्रवास आठवायची मास्तरांना आयुष्यात पुन्हा इच्छा झाली नाही. पहिल्या सिग्नलला गाडी रेघ ओलांडून गेली. दुसऱ्याला एका हातगाडीवाल्याने बाईंच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मास्तर दोन्ही हातांनी आपल्याच पायांचे अंगठे घट्ट धरून बसले होते आणि उजवा पाय सारखा खाली उतरू बघत होता. तिसऱ्या सिग्नलला बाईंनी दात आवळले, लवकर आणि जोरात ब्रेक दाबला, आणि गाडी रेघेच्या बरीच आधी गचका खाऊन बंद पडली.

“थांबली,” बाई म्हणाल्या. घामाने त्यांचं कपाळ भिजलं होतं. “वाईट थांबली. पण मी थांबवली.”

मास्तरांना गाडीतून उतरून पायी घरी जावंसं वाटत होतं. दुपारच्या दोन शिकवण्या त्यांनी तब्येतीचं निमित्त सांगून पुढे ढकलल्या. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

संध्याकाळी ते पुन्हा मोरीशी उभे होते. ठकी वाचत होती.

“एका टाकीचा तीन चतुर्थांश भाग पाण्याने भरला आहे. त्यातील एक तृतीयांश पाणी वापरले. तर आता टाकीचा किती भाग भरलेला आहे?” तिने पेन्सिल चावली. “म्हणजे तीन चतुर्थांश वजा एक तृतीयांश...”

“च्...”

आवाज बारीक होता. पाल बोलावी एवढाच. मास्तरांनी नळ बंद केला.

“नाही नाही, थांब,” ठकी म्हणाली आणि खोडरबर फिरवायला लागली. “त्यातील म्हणजे आधी गुणायचं...”

मास्तर हातात ओलं ताट घेऊन तसेच उभे राहिले. तो आवाज त्यांच्या तोंडातून आला होता, आणि आज त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला होता. तळपायाची आग मस्तकात जावी तसा त्यांना राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

“पुढचं घे,” ते म्हणाले. मग ताट ठेवलं आणि ओठ आवळून धरले.

पुढचंही तसंच होतं. पिंपात तेल होतं, त्यातलं काही विकलं गेलं होतं. ठकीने आकडे वाचले आणि म्हणाली, “वजा...”

ती थांबली. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं.

“वजा,” ठकी पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने. पेन्सिल कागदावर टेकवून ती तशीच राहिली. तिची मान किंचित मोरीकडे कलली होती. बाईंनी सांगितलेली खिडकी मास्तरांच्या डोळ्यांपुढे आली.

“बाबा?”

“काय?”

“काही नाही.” तिने वजाबाकी केली. छेद सारखे केले, नीट वेळ घेऊन, आणि चुकीच्या उत्तराखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या. मास्तरांची जीभ टाळूला जाऊन चिकटली होती. ओठ उघडले असते तर ती आपोआप सुटली असती, म्हणून त्यांनी उरलेली सगळी भांडी तोंड मिटून घासली. इतका अवघड तास त्यांनी गाडीत कधी काढला नव्हता. ठकीने पुढची चारही गणितं त्यांच्या मौनाच्या भरवशावर धडाधड सोडवली, वही मिटली आणि गाणं गुणगुणत झोपायला गेली. तिला असं गुणगुणताना मास्तरांनी नवी शाळा सुरू झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

आपण फार मोठी गोष्ट केली, असं त्यांना वाटलं. बायको आल्यावर सांगायचं म्हणून ते जागे राहिले आणि खुर्चीतच झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ठकी फाटकातून बाहेर आली ती गाडीत बसलीच नाही. शेजारच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, आणि बस आली तशी चढली. मास्तर बसच्या मागे मागे गाडी चालवत आले. प्रत्येक थांब्यावर बस थांबे, तेही थांबत, आणि मागची गाडी त्यांना शिव्या देई.

घराच्या दारातच त्यांनी तिला गाठलं. “हा काय प्रकार आहे?”

ठकीने दप्तर जमिनीवर टाकलं. “तुला माहीत होतं ना?”

“काय?”

“तेलाचं गणित चुकलंय, हे तुला माहीत होतं.”

खोटं बोलायचा विचार मास्तरांच्या मनात येऊन गेला. “हो.”

“मग तू च् का नाही केलंस?”

“तुला... ते ऐकू येतं?”

“म्हणजे काय! पहिलीपासून येतं. तू च् केलंस की खोडायचं. नाही केलंस की बरोबर.” तिचा आवाज चिरकला. “काल एकदाही केलं नाहीस. मला वाटलं सगळं बरोबर आहे. आज बाईंनी विचारलं, हे फळ्यावर कोण सोडवेल, तर मी हात वर केला. या शाळेत पहिल्यांदा! सगळ्यांसमोर चुकलं. सगळे हसले, बाबा.”

“तुझं तुला यावं म्हणून मी...”

“मग तसं सांगायचं ना! गप्प बसलास म्हणजे बरोबर असतं, हे तूच ठरवलंयस.”

“मी काही ठरवलं नव्हतं, ठके. मला कालपर्यंत माहीतच नव्हतं.”

“मला काय ठाऊक तुला माहीत नव्हतं!” तिने दप्तर उचललं. डोळे पुसायचा तिने प्रयत्नही केला नाही.

“बाई काय म्हणाल्या?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“पुन्हा कर म्हणाल्या.”

“मग?”

“केलं. पुन्हा चुकलं. परत पुन्हा कर म्हणाल्या. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि बाहेरच बघत राहिल्या. सगळा वर्ग खोळंबला.”

“आणि?”

“तिसऱ्यांदा आलं,” ठकी इतकी चिडून म्हणाली, की जणू तेही मास्तरांनीच मुद्दाम केलं होतं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बायको निघाली तेव्हा मास्तर त्या दाराबाहेर उभे होते. “डाफरलात ना?” तिने विचारलं. ते नाही म्हणाले, आणि तिला ते खरं वाटलं नाही.

ती गेल्यावर घर फार शांत झालं. मास्तरांनी भांडी घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. आतून बोलल्याचा आवाज येत नव्हता. टाकी नाही, पिंप नाही, दुकानदार नाही. त्यांनी दाराला कान लावला. मध्येच पेन्सिल करकरे, मध्येच थांबे. किती वेळ थांबे! त्या थांबण्यात काय चाललं असेल, वजा की गुणिले, हे कळायला काही मार्ग नव्हता. दोनदा त्यांनी दारावर टकटक करायला हात उचलला आणि दोनदा तो खाली घेतला.

जेवायची वेळ टळून गेल्यावर दार उघडलं. ठकी बाहेर आली. केस विस्कटलेले, बोटांना पेन्सिलीचा काळा रंग, आणि काखेत वही. तिने माठातलं पाणी ओतून घेतलं आणि उभ्यानेच प्यायली.

“झाली सगळी?”

“झाली.”

“तेलासारखं होतं का एखादं?”

“दोन होती.”

मास्तरांनी हात पंचाला पुसले आणि पुढे केला. “दाखव तरी.”

ठकीने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग वहीकडे.

“उद्या बाई बघतील,” ती म्हणाली, आणि वही दप्तरात घालून तिने चेन ओढून घेतली.